संपतरावांचा रिकामा चौकोन

संपतराव जगदाळे यांची बायको त्यांना सोडून डभोईला माहेरी निघून गेली, ही बातमी शहाण्णव सालच्या श्रावणात बडोद्याच्या आमच्या बाबाजीपुऱ्यातल्या गल्लीत मी पसरवली. बातमी खोटी निघाली. पण ज्या पुराव्यावर पसरवली तो अस्सल होता. सकाळी साडेसहा वाजता संपतराव स्वतः, मिशांसकट, दारात उकिडवे बसून रांगोळी काढत होते. आता तुम्हीच सांगा, बावन्न वर्षांचा, पावणेसहा फुटी गडी, ज्याचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, तो चिमटीत रांगोळी धरून ठिपके मोजतो आहे, हे पाहून शेजाऱ्यानं दुसरा कोणता अर्थ लावायचा?

माझ्या घराला भिंत लागून उदयसिंहरावांचं घर. मी आधी त्यांना गाठलं.

"काय सांगता, लक्ष्मीकांतभाऊ," ते म्हणाले. "कालच तर प्रेमलावहिनी आमच्याकडून विरजण घेऊन गेल्या."

"विरजण काल नेलं. त्या गेल्या आज पहाटेच्या बसनं."

ती बस मी जागच्या जागी जोडली. बातमीत एखादी बस किंवा गाडी असली की लोक पुढचे प्रश्न विचारत नाहीत.

दुपारी बातमी दांडिया बाजारात होती आणि संध्याकाळी खुद्द प्रेमलावहिनी माझ्या दारात. हातात रांगोळीचा डबा.

"भाऊजी, मी डभोईहून परत कधी येणार आहे तेवढं विचारायला आले. म्हणजे रात्रीच्या पोळ्या किती करायच्या ते ठरवता येईल."

मी त्यांना बसायला सांगितलं, घरात चहा टाकायला लावला आणि खरं काय ते काढून घेतलं. खरं होतं ते माझ्या बातमीपेक्षा सरस होतं. हे मला फार क्वचित कबूल करावं लागतं.

संपतराव ट्रेसर होते. हा धंदा आता राहिलेला नाही, म्हणून थोडं सांगतो. सयाजीगंजात भाईलालभाईंचं ड्रॉइंग ऑफिस होतं. कोयलीपासून पादऱ्यापर्यंत जे कारखाने उभे राहिले, त्यांतल्या कितीतरी नळ्यांचे आणि टाक्यांचे नकाशे तिथे तयार होत. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढी. त्यावर पारदर्शक कागद ताणून ट्रेसर तोच नकाशा शाईनं उतरवून घेई आणि त्या शाईच्या कागदावरून अमोनियाच्या यंत्रातून हव्या तितक्या निळ्या प्रती निघत. अमोनियाचा वास संपतरावांच्या अंगात असा मुरला होता की ते ऑफिसातून आले की गल्लीतली मांजरं रस्ता सोडत.

हात मात्र असा की पाहत राहावं. शंभर रेषा शेजारी शेजारी ओढल्या तरी पहिलीची जाडी ती शंभरावीची. शाईचा थेंब पडलाच तर अर्ध्या ब्लेडनं तो असा खरवडत की कागदाला पत्ता लागत नसे. भाईलालभाई आलेल्या गिऱ्हाइकांना त्यांच्या टेबलापाशी आणून उभं करत, देवळात मूर्ती दाखवावी तसं. संपतराव मान वर करत नसत. मूर्ती तरी कुठे करते.

"मी बघत नाही," ते म्हणायचे, "मी उतरवतो." यात त्यांना फार मोठा मान वाटायचा. एकदा कुणा इंजिनिअरनं पेन्सिलीचं टोक चालतंय का पाहायला नळीच्या रेषेवर एक फुली मारली. नकाशात नळीवर तशी खूण म्हणजे व्हॉल्व. संपतरावांनी तो व्हॉल्व शाईत उतरवला, इतर व्हॉल्वांपेक्षा जरा सुबकच. कारखान्यात तो बसवलाही. तो कशासाठी आहे हे विचारायची कुणाची छाती झाली नाही आणि पुढे कित्येक वर्षं एक माणूस दर सोमवारी त्याला तेल घालायचा. संपतरावांना विचारलं तर एकच उत्तर, "कागदावर होता."

आता चौकोनाचं सांगतो. नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चार चौकोन असत. ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अप्रूव्ड. काढला कुणी, उतरवला कुणी, तपासला कुणी, मंजूर केला कुणी. सत्तावीस वर्षं संपतरावांची आद्याक्षरं दुसऱ्या चौकोनात पडली. एकदा त्यांनी रद्दीतली एक प्रत मांडणीवर घालायला घरी आणली तेव्हा प्रेमलावहिनींनी ती न्याहाळली आणि विचारलं, "पहिल्यात तुमचं नाव नाही ते?"

"ते काढणाऱ्याचं."

"मग तुम्ही काय करता इतकी वर्षं?"

वहिनींनी सहज विचारलं. संपतराव दोन दिवस नीट जेवले नाहीत.

शहाण्णवच्या मे महिन्यात भाईलालभाईंच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर आले. त्यांना उकडू नये म्हणून एसी आला. माणसांना सत्तावीस वर्षांत उकडलं नव्हतं बहुतेक. कॉम्प्युटरबरोबर सलील आला. सव्वीस वर्षांचा इंजिनिअर, बडोद्याचाच, पुण्याला शिकून आलेला. तो बटणं दाबायचा आणि मशीन स्वतःच शाईच्या रेषा ओढून कागद बाहेर द्यायचं. ऑफिसात तीन ट्रेसर होते. एकानं झेरॉक्सचं दुकान काढलं, एक मुलाकडे सुरतेला गेला. उरले संपतराव.

भाईलालभाईंनी त्यांना आत बोलावलं. "बेसो, संपतराव. तमारो हाथ सोनानो छे, एमां ना नहीं. पण हवे लीटी मशीन दोरे छे."

मालक सोन्याचा हात म्हणाला की पुढे 'पण' येतोच, आणि इथे 'पण'च्या पुढे रेघा ओढणारं मशीन होतं. संपतराव बसले नाहीत.

भाईलालभाईंनी एक वाट मात्र ठेवली होती. पादरा रस्त्यावरचा एक जुना रसायनांचा कारखाना जानेवारीत, उत्तरायण झाल्यावर, आठ दिवस बंद राहणार होता. त्या आठ दिवसांत गंजलेल्या नळ्या काढून नव्या बसवायच्या होत्या. वीस वर्षांत तिथे इतकी जोडतोड झाली होती की जुने नकाशे आणि प्रत्यक्षातल्या नळ्या यांची ओळख राहिली नव्हती. कुणीतरी मचाणावर चढून, टेप लावून, जागेवरच हातानं नकाशा काढायला हवा होता. कॉम्प्युटर शिडी चढत नाही. ते जमलं तर संपतरावांची नोकरी राहणार होती. नाही जमलं तर जानेवारीअखेर शाल आणि नारळ.

हा नकाशा वेगळ्या जातीचा असतो. खोक्याच्या कोपऱ्याकडे बघितलं की त्याच्या तीन बाजू एकदम दिसतात ना, तसा. उभी नळी उभीच काढायची. बाकीच्या दोन दिशा, एक डावीकडे तिरकी, एक उजवीकडे तिरकी. याला आयसोमेट्रिक म्हणतात. सलीलनं हे पाच मिनिटांत सांगितलं, समोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाला, "काका, हे टेबल काढा बघू."

अर्धा तास गेला. सलील चहा पिऊन आला. कागद कोराच.

"काय झालं, काका?"

"खाली काही नाहीये," संपतराव म्हणाले.

सत्तावीस वर्षं त्यांच्या पेनाखाली दुसऱ्याची रेष होती. ती नसताना पेन टेकवायचं कुठे, हे त्यांना खरोखर कळेना. सलील हसला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. त्याच्याकडे परदेशातल्या मित्रानं पाठवलेली एक वही होती, पानापानावर बारीक ठिपके छापलेली. ठिपक्याला ठिपका जोडत गेलं की आयसोमेट्रिकच्या तिन्ही दिशा आपोआप मिळतात. ती वही त्यानं काढून दिली. संपतरावांनी पंधरा दिवसांत खोडून खोडून तिची चाळण केली. बडोद्यात तशी दुसरी मिळेना.

आणि मग श्रावणातली ती सकाळ. प्रेमलावहिनींनी दारात पंधरा ते आठचे ठिपके घातले होते. ज्यांच्या घरातून हे गेलं त्यांच्यासाठी सांगतो. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, तिच्या वर-खाली चौदा, मग तेरा, असं कमी होत दोन्हीकडे आठवर थांबायचं. प्रत्येक ओळीतला ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. दूध उतू गेलं म्हणून वहिनी आत पळाल्या. संपतराव ओट्यावर कडेला, भिंतीला पाठ लावून चहा पीत होते. समोरून पाहिलं असतं तर काही कळलं नसतं. कडेनं, आडवं पाहिलं म्हणून कळलं की सलीलची परदेशी वही त्यांच्या दारात पडली आहे आणि लग्न झाल्यापासून रोज सकाळी पडते आहे.

त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या ठिपक्यांवर ऑफिसातलं टेबल काढायला घेतलं. नेमका त्याच वेळी मी दूध आणायला निघालो होतो.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा कमळाच्या जागी चार पायांचं काहीतरी उभं होतं. "हे काय? श्रावणी सोमवारी दारात टेबल?"

"टेबल वाटतंय ना?"

"वाटतंय. लंगडं आहे."

इतक्या वर्षांत त्यांच्या रेषेला नावं ठेवणारं पहिलं माणूस घरातलंच निघालं. संपतरावांना राग यायला हवा होता. त्यांनी विचारलं, "कुठे लंगडं?"

वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. "तुमची रेष घाबरलेली आहे. चिमटीकडे कशाला बघताय? बोटं कुठे आहेत ते बोटांना माहीत असतं. जिथे जायचं त्या ठिपक्याकडे बघा."

हे एवढंसं वाक्य, पण संपतरावांच्या सगळ्या सवयीच्या उलट होतं. उतरवणारा माणूस निबेच्या टोकाखाली बघतो, कारण त्याची वाट तिथेच असते. काढणाऱ्याला पुढच्या मुक्कामाकडे बघावं लागतं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर शेकडो नकाशे काढले. मला हे कुणी सांगितलं असतं तर माझा गुजरात दर वर्षी वेगळ्या आकाराचा आला नसता.

त्या दिवसापासून जगदाळ्यांच्या घरी शाळा सुरू झाली. वहिनींनी ट्रंकेतून ठिपक्यांचा कागद काढला. वर्तमानपत्राला उदबत्तीनं ओळीत भोकं पाडलेली असतात, वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपके उमटतात, तो. संपतराव ऑफिसातून रद्द प्रतींची भेंडोळी आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो कागद ठेवून पेन्सिलीनं ठिपके पाडायचे आणि सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी चार पानं, आल्यावर चार पानं. आधी नुसत्या रेषा. दहा ठिपके लांब, न थांबता, पट्टी न लावता. मग खोकी. मग जिने. मग वाटोळ्या वस्तू, आणि तिथे घोडं अडलं, कारण गोल तोंड तिरकं पाहिलं की लांबट होतं आणि त्यांचा हात पुन्हा पुन्हा अंडं काढायचा. वहिनींनी स्वयंपाकघरातली सगळी भांडी त्यांच्यापुढे आणून मांडली. आठ दिवस वाटी, आठ दिवस पातेलं, आठ दिवस पिंप. एका रविवारी मी गेलो तर जमिनीवर दीडशे वाट्या पडलेल्या, कागदावर.

"संपतराव, पंगत आहे का?" मी विचारलं.

"बसा ना. तुम्हाला पाट रिकामाच ठेवलाय," ते मान वर न करता म्हणाले. "वाढायला तेवढ्या तुमच्या वहिनी डभोईहून यायच्यात."

गल्लीनं मजा लुटायची ती लुटली. पोरी विचारायच्या, "काका, मेंदी काढून देता का?" उदयसिंहराव म्हणायचे, घोडदळाचं पायदळ होताना पाहिलं होतं, रांगोळीदळ पहिल्यांदाच. संपतराव ऐकून घ्यायचे आणि ठिपके घालायचे. दिवाळीत त्यांनी दारात उदयसिंहरावांची स्कूटर काढली, किक आणि आरशासकट, अशी की त्यांचा नातू तिच्यावर बसायला गेला आणि रांगोळीत आपटला. वाडीतून, रावपुऱ्यातून लोक बघायला आले. त्या दिवशी मी ओट्यावर उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, "आमच्या शेजारचे." माणूस असा असतो.

पण खरी चूक अजून व्हायची होती. डिसेंबरात सलील म्हणाला, "काका, आता खरी नळी. तुमच्या गल्लीतल्या पन्हळी आणि पाण्याच्या नळ्या काढून आणा." संपतरावांनी माझं आणि उदयसिंहरावांचं अशी दोन जोडघरं निवडली. दोन दिवसांत कागद तयार. मी पाहिला आणि थक्क झालो. रेषा तलवारीच्या पात्यासारख्या. डावीकडे जेवढं, तेवढंच उजवीकडे.

सलीलनं कागद टेबलावर पसरला. "काका, फार सुंदर आहे. फक्त एक सांगा. ही नळी गच्चीवरून निघाली, खाली आली, वळली आणि फिरून स्वतःलाच येऊन मिळाली. मग पाणी जातं कुठे?"

संपतरावांनी कागद पुन्हा हातात घेतला. रांगोळीत रेष सुटी सोडत नाहीत. निघाली तिथे परत यावी लागते, आणि डावी बाजू झाली की उजवी तशीच भरायची. चार महिने हाताला तेच वळण लागलं होतं. दोन घरांच्या नळ्या त्यांनी न बघताच एकमेकींच्या जोडीला नेऊन बसवल्या होत्या. आधी इंजिनिअरचं पाहून उतरवत होते, आता रांगोळीचं पाहून. डोळे अजून मिटलेलेच.

"नळीवर बोट ठेवा," सलील म्हणाला, "आणि बोट न उचलता शेवटपर्यंत चालत जा. जिथे जाईल ते काढा. आवडो न आवडो."

जानेवारी तीन आठवड्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी संपतराव माझ्या गच्चीवर आले, पन्हळीवर बोट ठेवलं आणि निघाले. मला खरं म्हणजे तेव्हाच काहीतरी आठवायला हवं होतं. बोट भिंतीवरून खाली आलं, मोरीमागे गेलं, ओट्याखाली शिरलं. संपतराव पालथे पडून आत हात घालून राहिले. मग हळूच उठले, उदयसिंहरावांच्या अंगणात गेले आणि त्यांच्या गटाराच्या झाकणापाशी थांबले.

दर पावसाळ्यात उदयसिंहरावांच्या अंगणात गुडघाभर पाणी साचायचं. ते म्युनिसिपालिटीला शिव्या द्यायचे. त्यांचा तक्रारअर्ज दर वर्षी मी लिहून द्यायचो, सुवाच्य अक्षरात. माझी पन्हळ त्यांच्या गटाराला एकोणऐंशी साली मीच जोडून घेतली होती, ते सहकुटुंब द्वारकेला गेले होते तेव्हा.

"संपतराव," मी म्हटलं, "तेवढा शेवटचा तुकडा काढायलाच हवा का?"

"भाऊ, पाणी जातं कुठे ते दाखवायचंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र असा उजळला होता की मला माझीच चोरी पकडल्याचा आनंद वाटायला लागला.

त्यांनी सगळं काढलं. मापासकट. उदयसिंहरावांनी तो कागद मागून घेतला आणि आपल्या बैठकीत, आल्यागेल्याला दिसेल असा, टाचण्यांनी भिंतीला लावला. कागदाच्या कोपऱ्यात संपतरावांनी सवयीनं चार चौकोन आखले होते. चारही रिकामे. उदयसिंहराव म्हणाले, "पहिल्यात नाव घाला की." संपतराव म्हणाले, "अजून नाही. याच्यावरून कुणी काही बनवलेलं नाही. बनवलं आणि बसलं, तर घालीन."

पुढचं मी पाहिलेलं नाही. सलीलनं सांगितलं आणि त्या कारखान्याचे फोरमन ठाकोरभाई यांनीही सांगितलं. दोघांचं जुळतं, म्हणून लिहितो.

कारखाना थंड झाल्यावर संपतराव आठ दिवस तिथे होते. सहा दिवस ठीक गेले. सातव्या दिवशी दोन पंपांच्या नळ्या उरल्या. दोन पंप शेजारी शेजारी, प्रत्येकातून एक नळी निघून वर मचाणावरच्या मोठ्या नळीला मिळणारी. डावीची नळी संपतरावांनी काढली, वर्कशॉपनं बनवली, बसली. उजवीसाठी ठाकोरभाईंनी जुना नकाशा पसरला. त्यावर एकच नळी काढलेली आणि खाली टीप होती, दुसरी याच मापाची, उलट्या हाताची.

"बन्ने बेनो छे, साहेब, जुळ्या बहिणी," ठाकोरभाई सलीलला म्हणाले. "डाव्याची उलटी करून टाका. परवा सकाळी प्लांट चालू करवानो छे. चढण्यात टाइम कशाला घालवायचा?"

सलीलनं जुन्या नकाशाचा कोपरा पाहिला. ट्रेस्डच्या चौकोनात सं. भि. ज. वीस वर्षांपूर्वीचा नकाशा. "काका, हे तर तुमचंच आहे."

संपतराव चष्मा पुसत होते. त्यांनी आपली जुनी अक्षरं पाहिली. मग टेप खिशात टाकला, ओळंबा खांद्यावर घेतला आणि शिडी चढले.

वर दहा-बारा नळ्यांची दाटी होती. उजवी नळी त्यांच्या मागे गेली होती, खालून दिसत नव्हती. संपतरावांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि सरकत निघाले. एका जागी बोट भलतीकडेच वळलं. मचाणाचा एक लोखंडी खांब मध्ये आला होता. नळी पहिल्यांदा बसवली तेव्हा कुणीतरी तिला खांबाला वळसा घालून नेलं होतं आणि कागदाला ते कळवलं नव्हतं. संपतरावांनी ओळंबा सोडला, दोनदा माप घेतलं. एकशे पासष्ट मिलिमीटर बाहेर आणि तेवढंच पुन्हा आत. मग तिथेच, मांडीवर फळी ठेवून, कोऱ्या कागदावर, ठिपके नसताना, नळी काढली.

खाली आल्यावर ठाकोरभाई वैतागले. "जुना नकाशा सांगतो बेनो, तुम्ही सांगता नाही. ही चुकली तर एक दिवस जाईल. तमे जवाबदार?"

सलीलच्या हातात दोन कागद होते. एकावर कंपनीचे शिक्के, दुसऱ्यावर ग्रीसचे डाग. "काका, नक्की?"

"तो मी उतरवला होता," संपतराव म्हणाले. "हा मी काढलाय."

सलीलनं डागांच्या कागदावर सही केली.

वर्कशॉपनं नळी बनवली, आठव्या दिवशी सकाळी ती साखळीनं वर चढवली. ठाकोरभाई पहार घेऊन तयार होते, कारण नव्या नळीची भोकं जुन्या तोंडाशी आणायला ओढाताण करावीच लागते. नळी खांबाला वळसा घालून आत गेली. त्यांनी पहिला बोल्ट घातला, दुसरा घातला, पान्याला हात घातला आणि पुन्हा काढून घेतला.

"आ तो हाथेथी जाय छे," ते म्हणाले.

आठच्या आठ बोल्ट हातानं फिरले. ठाकोरभाईंनी पहार खाली ठेवली आणि संपतरावांसाठी स्वतःच्या डब्यातला ढोकळा काढला. भाईलालभाईंना फोन सलीलनं केला. शाल-श्रीफळ राहिलं ते अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत राहिलं. तोवर संपतरावांनी या बाजूच्या किती कारखान्यांवर बोट फिरवलं ते मोजायला गेलं तर माझं पान संपेल. मोठमोठ्या डिग्रीवाली पोरं त्यांच्याकडे यायची आणि ते त्यांना आधी दीडशे वाट्या काढायला बसवायचे.

पण त्या आठव्या दिवसाच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. संपतराव कारखान्यातून घरी आले, हातपाय धुतले, वहिनींना बरोबर घेतलं आणि थेट उदयसिंहरावांच्या बैठकीत गेले. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी अशा बाबतीत वाट बघत नाही. संपतरावांनी खिशातून जुनं शाईचं पेन काढलं, दोनदा हलवलं, आणि भिंतीवरच्या माझ्या गटाराच्या नकाशात पहिल्या चौकोनात आपली अक्षरं घातली. ड्रॉन. सं. भि. ज. 'ज'च्या शेवटी शाई जरा पसरली. खरवडायला त्यांनी ब्लेड काढलं नाही.

दुसऱ्या चौकोनात त्यांनी एक आडवी रेघ मारली. मग पेन वहिनींपुढे धरलं. "चेक्ड."

वहिनींनी नकाशा जवळून पाहिला. "मोरीमागची रेष अजून थोडी घाबरलेली आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली.

उरला अप्रूव्डचा चौकोन. उदयसिंहरावांनी पेन घेतलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"हा लक्ष्मीकांतभाऊंचा. मंजूर आहे का, भाऊ, पाणी कुठे जातं ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. संपतरावांचा पहिला नकाशा होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मी सही केली. पन्हळ दुसऱ्या दिवशी वळवली, आणि कुठून कुठे न्यायची ते संपतरावांनीच काढून दिलं.